स्फुरदाचं श्रेय किती, पालाशाचं किती?

१०:२६:२६ खताच्या पोत्यात १० टक्के नत्र, २६ टक्के स्फुरद आणि २६ टक्के पालाश असतं. समजा, एखाद्या तालुक्यातल्या शेकडो ऊसकऱ्यांची माहिती गोळा केली आणि सगळ्यांनी स्फुरद-पालाश फक्त याच पोत्यातून दिलेलं निघालं. मग ऊस वाढला तो कशामुळे, हे त्या आकड्यांवरून कुठलाही संगणक सांगू शकणार नाही. एक वाढलं की दुसरंही नेमकं तेवढंच वाढलेलं!

इतकं टोकाचं चित्र क्वचितच दिसतं. पण ज्याच्या विहिरीला पाणी, तोच खत जास्त टाकतो आणि मजूरही जास्त लावतो. कॉब आणि डग्लस या अभ्यासकांनी १९२८ साली मांडलेलं उत्पादन फलन, म्हणजे पाणी, खत, मजुरी अशा निविष्ठांवरून उत्पादन किती येईल हे सांगणारं समीकरण, शेतीला लावताना ही गुंतागुंत हटकून आडवी येते. मल्टिकोलिनिॲरिटी म्हणतात ती हीच. दोन निविष्ठांमधला सहसंबंध ०.९५ असेल, तर त्यांच्या गुणकांची (म्हणजे प्रत्येकीचा परिणाम सांगणाऱ्या आकड्यांची) प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, सहसंबंध नसता तर जितकी असती त्याच्या तिपटीहून अधिक होते. चार शेतं वगळली की गुणकाचं चिन्हच उलटू शकतं. एकूण उत्पादनाचा अंदाज मात्र बरोबर येत राहतो, म्हणून दोष लवकर लक्षात येत नाही.

सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे एक निविष्ठा गाळून टाकणं. मला तो घातक वाटतो. मजुरी गाळली की तिचं श्रेय खताच्या खात्यात जमा होतं, आणि त्या भरवशावर शेतकऱ्याला ‘आणखी खत टाका’ असा सल्ला जातो. त्यापेक्षा सगळे आकडे दर हेक्टरी काढावेत. शेत लहान की मोठं, यामुळे पडलेली गाठ तरी सुटते. होर्ल आणि केनार्ड यांची १९७० सालची रिज ही संख्याशास्त्रीय पद्धत अंदाजात थोडा एकतर्फी कल (बायस) पत्करून गुणक स्थिर करते. पण आकड्यांत मुळातच नसलेली माहिती तीही आणू शकत नाही.

ती माहिती शेतातच निर्माण करावी लागते. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबाल्क शेतात १८४३ पासून गव्हाच्या पट्ट्यांना अन्नद्रव्यांची वेगवेगळी जुळणी दिली जाते, म्हणून तिथे प्रत्येकाचा परिणाम सुटा दिसतो. असे प्रयोग शक्य नसतील, तर सर्वेक्षणात भरपूर पाणी असूनही खत कमी देणारे शेतकरी मुद्दाम शोधावेत. तेही सापडले नाहीत, तर अहवालात पाणी आणि खत यांचा एकत्रित परिणामच द्यावा.