कुकी ते बॅकअप: प्रायव्हसी डीफॉल्ट सेटिंगमध्ये कशी अडकली

प्रायव्हसीची चर्चा बहुधा कायद्यावर येऊन थांबते. कायदे हवेतच. पण आपली माहिती कुणाकडे जाणार, हे त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं: नवा ब्राउझर किंवा नवा फोन हातात येतो तेव्हा त्यातलं कोणतं बटण चालू आहे आणि कोणतं बंद, यावर. सेटिंगमध्ये शिरून ती बदलणारे थोडे असतात, बाकीचे आलं तसं वापरतात. म्हणून गेल्या तीस वर्षांत तंत्रज्ञान आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांवरून जे वाद झाले, ते नीट पाहिले तर डीफॉल्ट, म्हणजे आधीपासून ठरवून दिलेली सेटिंग, कोण ठरवणार याच मुद्द्याभोवती फिरलेले दिसतात.

सुरुवात कुकीपासून, म्हणजे साइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदीपासून करावी लागते. प्रोग्रॅमर लू मॉन्टुली यांनी १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीत ती तयार केली, आणि अडचण खरी होती. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात, त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक पान मागताना सर्व्हरच्या लेखी तुम्ही नवेच असता, मग ऑनलाइन खरेदीची यादी एका पानावरून दुसऱ्या पानावर न्यायची कशी? उपाय साधा निघाला. सर्व्हरने उत्तरासोबत ‘सेट-कुकी’ नावाची एक ओळ आणि तीत एक क्रमांक पाठवायचा. ब्राउझरने तो जपून ठेवायचा आणि त्याच डोमेनकडे पुन्हा विनंती जाईल तेव्हा परत द्यायचा. इतर डोमेनना तो दिसणार नाही, हे बंधन विचारपूर्वक घातलेलं होतं. प्रत्येक ब्राउझरला सगळ्या वेबसाठी एकच कायमचा क्रमांक देणं सोपं पडलं असतं. माग काढता येऊ नये म्हणूनच तो मार्ग टाळला गेला.

फट दुसरीकडेच राहिली. वेबपान एकाच ठिकाणाहून येत नाही. समजा, बातमीच्या पानावर जाहिरातीचं एक चित्र आहे आणि ते जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येतं. ते चित्र मागताना ब्राउझर त्या सर्व्हरकडे स्वतंत्र विनंती करतो, आणि त्या विनंतीत ‘रेफरर’ या ओळीत मूळ पानाचा पत्ता जात असे (आता बहुतेक ब्राउझर डीफॉल्टने फक्त साइटचा पत्ता देतात). चित्रासोबत जाहिरात कंपनीची कुकी येते. तासाभराने तुम्ही आरोग्याची एखादी साइट उघडता. तिथेही त्याच कंपनीचं चित्र असतं. ब्राउझर नियमाप्रमाणे तीच कुकी त्याच डोमेनला परत देतो. बंधन अक्षरशः पाळलं गेलं, आणि तरीही कंपनीकडे एका क्रमांकाखाली तुमची दोन पानं जमा झाली. चित्र दिसायलाही हवं असं नाही, एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र पुरतं.

हे लक्षात यायला फार वेळ लागला नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटच्या मानकांत आरएफसी २१०९ प्रसिद्ध झालं, आणि त्याच्या दोन लेखकांपैकी एक स्वतः मॉन्टुली होते. वापरणाऱ्याने जी साइट उघडलेलीच नाही तिची कुकी ब्राउझरने डीफॉल्ट स्थितीत स्वीकारू नये, अशी अट त्यात होती. म्हणजे तिसऱ्या पक्षाची कुकी बंद ठेवा, हे मानकातच लिहिलेलं होतं. पण त्या काळातल्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी, नेटस्केपने आणि इंटरनेट एक्सप्लोररने, ती अट अमलात आणली नाही. तोवर जाहिरातींचा धंदा याच फटीवर उभा राहिला होता. २०११ मध्ये आलेल्या आरएफसी ६२६५ ने हा निर्णय ब्राउझर बनवणाऱ्यांवरच सोडला. मानकातली एक ओळ बाजूला पडली आणि तिची भरपाई करायला वीसहून जास्त वर्षं गेली: सफारीने मार्च २०२० मध्ये तिसऱ्या पक्षाच्या सगळ्या कुकी रोखल्या, फायरफॉक्सने २०१९ पासून माहीत असलेल्या ट्रॅकरांच्या कुकी डीफॉल्टने अडवल्या आणि जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवायला सुरुवात केली. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांची मुदत जाहीर केली, ती वारंवार पुढे ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये बेत सोडून दिला. क्रोमची मालक कंपनी जाहिरातींवर चालते, हे इथे विसरून चालणार नाही.

मधल्या काळात ‘डू नॉट ट्रॅक’चा प्रयोग झाला. ब्राउझरने प्रत्येक विनंतीसोबत ‘डीएनटी: १’ एवढंच पाठवायचं, आणि साइटने ते वाचून माग काढणं थांबवायचं. कल्पना २००९ ची. पण साइटने ऐकलं नाही तर काय, याचं उत्तर तांत्रिक रचनेत नव्हतं आणि कायद्यातही नव्हतं. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर १० मध्ये हा संकेत डीफॉल्टने चालू केला, तशी जाहिरात कंपन्यांनी ‘ही वापरणाऱ्याची इच्छाच नाही’ म्हणून तो धुडकावला. बंद असलेल्या बटणाला संमती मानणारेच चालू बटणाला संमती मानायला तयार नव्हते. जानेवारी २०१९ मध्ये, वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा संबंधित गट बंद झाला. त्याच वर्षी सफारीने हा पर्याय काढून टाकला, कारण तो चालू ठेवणारे थोडे असल्याने उलट तेच ओळखू येण्याची शक्यता वाढत होती.

हे उलटं गणित समजलं की फिंगरप्रिंटिंग, म्हणजे कुकीशिवाय ब्राउझरच्या वैशिष्ट्यांवरूनच तो ओळखणं, समजतं. एक बिट म्हणजे शक्यता निम्म्यावर आणणारं एक हो-नाहीचं उत्तर. पृथ्वीवर सुमारे ८ अब्ज माणसं आहेत आणि २ चा ३३ वा घात सुमारे ८.६ अब्ज होतो. म्हणजे ३३ बिट माहिती मिळाली की गणिताने कुणीही एकटा पडतो. दर १६ ब्राउझरांत एकाचीच जी टाइम झोन सेटिंग असेल, ती ४ बिट देते. पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, भाषांचा क्रम, ग्राफिक्स कार्ड एखादी आकृती कशी रंगवतं यातला बारीक फरक, हे सगळं त्यात मिळत जातं. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये पॅनॉप्टिक्लिक या प्रयोगात सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर तपासले, त्यांपैकी ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. फ्लॅश किंवा जावा असलेल्यांत हे प्रमाण ९४.२ टक्के होतं. कुकी पुसता येते, हा ठसा पुसता येत नाही. म्हणून काळजीपोटी पाच-सहा वेगवेगळी एक्स्टेन्शन बसवणारा माणूस कधीकधी स्वतःला अधिकच वेगळा पाडतो. ओळख लपवण्यासाठी बनवलेल्या टॉर ब्राउझरने उलटा रस्ता धरला आहे: सगळ्यांना सारखं दिसायला लावायचं. खिडकीतल्या पानाचा आकार तो २०० बाय १०० पिक्सेलच्या पटीत बसवतो. खिडकी हाताने ओढून मोठी केली की कडेला राखाडी पट्टी दिसते, ती याचसाठी. पट्टी वाईट दिसते म्हणून हे बंद करणाऱ्याने टॉर वापरण्यातला निम्मा फायदा घालवला म्हणून समजा.

डीफॉल्टची ताकद आकड्यांत पाहायची असेल तर फोनकडे वळावं. आयफोनवर २०१२ पासून प्रत्येक उपकरणाला एक जाहिरात क्रमांक होता आणि तो मागेल त्या अ‍ॅपला मिळत असे. बंद करायची सोय होती, पण सेटिंगच्या पोटात. एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आलं आणि अ‍ॅपला आधी विचारणं भाग पडलं. तंत्रज्ञानात फार काही बदललं नव्हतं, प्रश्न विचारण्याची बाजू तेवढी बदलली. त्या एका खिडकीमुळे २०२२ मध्ये आपल्याला साधारण १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज मेटाने दिला. इतकी किंमत ज्याची आहे ते आजवर न विचारता घेतलं जात होतं. अँड्रॉइडच्या अलीकडच्या आवृत्त्यांत सेटिंग्ज, प्रायव्हसी, अ‍ॅड्स या वाटेने जाऊन जाहिरात क्रमांक कायमचा काढून टाकता येतो (काही फोनवर नावं थोडी वेगळी असतात). तो आपणहून निघत नाही.

दुसरा धागा एन्क्रिप्शनचा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी माहिती कुलूपबंद करण्याचा, आणि इथे समोर सरकार असतं. एप्रिल १९९३ मध्ये अमेरिकी सरकारने क्लिपर चिप पुढे आणली. फोनवरचं संभाषण ८० बिटच्या किल्लीने कुलूपबंद करायचं, पण प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन भाग दोन सरकारी खात्यांकडे ठेवायचे. पोलिसांकडे परवानगी असेल तर दोन्ही भाग जोडून संभाषण ऐकता येईल. त्यासाठी प्रत्येक संभाषणाबरोबर १२८ बिटची एक पट्टी जायची: ८० बिट त्या संभाषणाची कुलूपबंद किल्ली, ३२ बिट चिपचा क्रमांक, १६ बिट तपासणीचा अंक. पलीकडची चिप तपासणीचा अंक जुळला तरच बोलणं सुरू करायची. संशोधक मॅट ब्लेझ यांनी १९९४ मध्ये दाखवून दिलं की १६ बिट म्हणजे फक्त ६५,५३६ शक्यता. मनाला येईल ती बनावट पट्टी घेऊन एकेक करून पाहत गेलं तर सरासरी सुमारे ४२ मिनिटांत चिप स्वीकारेल अशी पट्टी सापडते, आणि पोलिसांच्या हाती कचरा येतो. योजना काही वर्षांत मावळली. पण ‘चांगल्या लोकांसाठी एक जादा किल्ली’ ही मागणी काही मावळली नाही.

त्याच काळात मजबूत एन्क्रिप्शनची गणना अमेरिकेच्या निर्यात नियमांत शस्त्रास्त्रांबरोबर होत होती. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे ईमेल कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर प्रसिद्ध केलं, ते देशाबाहेर पसरलं आणि त्यांच्यामागे चौकशी लागली. ती जानेवारी १९९६ मध्ये खटल्याविना बंद झाली. दरम्यान १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने पीजीपीचा पूर्ण सोर्स कोड पुस्तकाच्या रूपात छापला. छापील पुस्तक बाहेर पाठवायला बंदी नव्हती. घ्यायचं आणि स्कॅन करायचं. व्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासात या खटपटीला मोठं स्थान मिळायला हवं.

ब्राउझरांचं मात्र वेगळं झालं. याच निर्यात नियमांमुळे नेटस्केपची अमेरिकेतली आवृत्ती १२८ बिटची, परदेशातली कमकुवत ४० बिटची. १९९५ मध्येच शंभराहून अधिक संगणक जुंपून ४० बिटची एक किल्ली आठ दिवसांत शोधून काढली गेली होती. जानेवारी २००० मध्ये नियम सैल झाले आणि सगळ्यांना वाटलं, विषय संपला. प्रत्यक्षात सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्सपोर्ट’ दर्जाच्या कमकुवत पद्धती तशाच पडून राहिल्या, कुणी काढल्या नाहीत. मार्च २०१५ मध्ये फ्रीक हा हल्ला उघड झाला. मध्ये बसलेला माणूस ब्राउझर आणि सर्व्हरच्या पहिल्या बोलणीत फेरफार करून सर्व्हरकडून ५१२ बिटची जुनी आरएसए किल्ली मागवत असे, आणि ब्राउझरमधल्या चुकीमुळे ती स्वीकारली जात असे. भाड्याच्या क्लाउडवर ती फोडायला सात-आठ तास आणि शंभर डॉलरच्या आसपास खर्च पुरत होता. नियम मरून पंधरा वर्षं झाली होती, त्याने तयार केलेलं भगदाड जिवंत होतं.

जादा किल्ली चोराच्या हाती लागते याचा पुरावा हवा असेल तर ग्रीसचं प्रकरण पाहावं. २००४-०५ मध्ये तिथल्या व्होडाफोनच्या जाळ्यात पंतप्रधानांसह शंभराहून अधिक जणांचे फोन ऐकले जात होते. एरिक्सनच्या एक्सचेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठी लागणारा भाग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आलेला होता, पण त्याचा कारभार पाहणारा आणि नोंद ठेवणारा भाग कंपनीने घेतलेला नव्हता. घुसखोरांनी नेमकं तेच वापरलं. प्रत्येक बोलण्याची एक प्रत त्यांच्या चौदा प्रीपेड फोनांकडे जात होती. हे फुटलं तेही अपघाताने: घुसखोरांनी स्वतःचं सॉफ्टवेअर बदलताना काही एसएमएस पोचेनासे झाले आणि तक्रारी आल्या. २०२४ मध्ये ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाने अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत घुसून कायदेशीर टॅपिंगच्या यंत्रणांपर्यंत मजल मारल्याचं बाहेर आलं. त्यानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, तिथल्याच सरकारी यंत्रणांनी लोकांना एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन असलेलं, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वाचता येणारं मेसेजिंग वापरायचा सल्ला दिला. तीस वर्षं ज्यांनी त्या कुलपाला विरोध केला, त्यांच्याच घरातून हा सल्ला आला.

ते कुलूप आता कोट्यवधी लोकांकडे डीफॉल्टने आहे. व्हॉट्सअ‍ॅपने सिग्नल या मेसेजिंग अ‍ॅपची एन्क्रिप्शनची पद्धत एप्रिल २०१६ पर्यंत सर्वत्र लागू केली, मेसेंजरने डिसेंबर २०२३ पासून खासगी संवादांसाठी ती डीफॉल्ट करायला घेतली. पण कुलूप फक्त वाटेवरचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जातो आणि २०२१ मध्ये आलेली त्याच्या एन्क्रिप्शनची सोय डीफॉल्टने बंद असते. आयक्लाउडवर साधी सुरक्षा असेल तर फोनच्या बॅकअपमध्ये अ‍ॅपलच्या स्वतःच्या मेसेजेस अ‍ॅपची किल्लीही जाते, आणि तो बॅकअप अ‍ॅपल उघडू शकतं. हे बदलणारी ‘अ‍ॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ ही सोय डिसेंबर २०२२ मध्ये आली. सरकारी दबावानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅपलने ब्रिटनमध्ये ती नव्याने देणं थांबवलं.

करायचं ते थोडं आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू करायचा. पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली असे पर्याय मिळतात. किल्ली निवडली तर ती कागदावर लिहून फोनपासून दूर ठेवायची. स्क्रीनशॉट काढू नका, तो फोटोंबरोबर क्लाउडवर जाऊन बसतो. किल्ली हरवली आणि फोनही गेला तर बॅकअप कंपनीलाही उघडता येत नाही, त्यामुळे हे काम घाईत करू नये. आणि ही सेटिंग फक्त तुमच्या प्रतीपुरती असते. तीस जणांच्या गटात एकोणतीस जणांनी ती चालू केली आणि एकाने केली नाही, तर त्याच्या बॅकअपमध्ये गटाचं सगळं बोलणं उघडं जातं, म्हणून ही गोष्ट गटात सगळ्यांना सांगून करावी लागते.