टाळू रुंद करण्याची प्लेट आणि मुलाचा चेहरा: पालकांसाठी माहिती

स्क्रूची प्लेट बसवून मूल घरी गेलं की आठवडाभरात आमचा फोन वाजतो. प्रश्न ठरलेला: "पुढच्या दोन दातांत केवढी फट पडलीय! चेहरा बिघडणार नाही ना?"

फट पडली म्हणजे काम नीट चाललंय. वरचा जबडा डाव्या-उजव्या अशा दोन हाडांचा असतो आणि टाळूच्या मध्यावर त्यांचा सांधा असतो. लहान वयात तो पक्का झालेला नसतो, म्हणून स्क्रूच्या दाबाने उघडतो. दोन्ही हाडं दूर सरकतात, सोबत पुढचे दातही. पुढे हिरडीतले तंतू दातांना जवळ ओढतात आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फट बहुधा आपोआप मिटते.

प्लेटचा स्क्रू घरी एका छोट्या चावीने फिरवायचा असतो. अडचण होते ती फट बघून ही चावी परस्पर थांबवल्याने. काहीजण तर ती उलटी फिरवून ठेवतात! तारखेला येईपर्यंत मिळवलेली जागा कमी झालेली असते, मग मोजमाप पुन्हा आणि वेळापत्रकही नवं. शंका आली तर फोटो पाठवा, पण कधी थांबायचं ते आम्हाला सांगू द्या.

नकळत होणारी उलटी चाल वेगळीच. चावी पूर्ण मागे नेल्यावर स्क्रूवरचं, चावी घालायचं पुढचं छिद्र समोर दिसलं पाहिजे. ते दिसत नसेल तर फेरा अर्धवट राहिला. चावी काढताना पुढे ओढली गेली तर स्क्रूही तिच्यासोबत परत येतो. एका फेऱ्यात साधारण पाव मिलिमीटरच जागा वाढते, त्यामुळे असे चार-सहा फेरे वाया गेले की हिशोब चुकतो. एखादा दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी मनाने दुप्पट फिरवू नका.

आता चेहऱ्याचं. नाकपुड्यांची रुंदी किंचित वाढते, साधारण मिलिमीटरच्या हिशोबात. घरच्यांनाही सहसा कळत नाही. हसताना ओठांच्या कोपऱ्यांत दिसणारी काळी जागा कमी होते. उलट्या चाव्यामुळे (वरचे दात खालच्यांच्या आत बसत असल्याने) खालचा जबडा एका बाजूला सरकून हनुवटी वाकडी दिसत असेल, तर मात्र फरक नजरेत भरू शकतो. गालाची हाडं उठून दिसतील, जबड्याला धार येईल, असल्या मागणीवर आम्ही प्लेट बसवत नाही. टाळू अरुंद असेल तरच बसवतो, आणि आधीचे फोटो काढून ठेवतो म्हणजे नंतर वाद नको. चेहरा मुळात लांबट असेल तर एक्स-रे पाहिल्याशिवाय हो म्हणत नाही.

"चावी फिरवून झाली, मग प्लेट आणखी काही महिने कशाला?" हेही विचारतात, आणि सूर असा की आम्ही उगीच भेटी वाढवतोय. उघडलेल्या सांध्यात हाड भरायला तेवढा वेळ लागतोच. लवकर काढली तर जबडा पुन्हा अरुंद होतो. म्हणूनच आम्ही गरजेपेक्षा थोडं जास्तही रुंद करतो. दाढा काही दिवस विचित्र बसलेल्या वाटतील, घाबरू नका.

वय वाढलं की सांधा घट्ट होतो आणि हाडात स्क्रू बसवणं किंवा शस्त्रक्रिया असे मोठे उपाय लागू शकतात. धाकट्या भावंडाला सातव्या वर्षाच्या आसपास एकदा दाखवून घ्या. याच भेटीत तपासून देऊ.

चावीला बांधलेला दोरा कापू नका, ती घशात जाऊ नये म्हणून तो आहे. चावी हरवली तर टाचणीने प्रयोग न करता आमच्याकडून दुसरी घेऊन जा.