जुन्या गाडीचं पेट्रोल जातं कुठे?

दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीबद्दल मुंबईत एक तक्रार हमखास ऐकू येते. "पूर्वी चौदा-पंधराचं ॲव्हरेज द्यायची, आता दहावर आलीय." मग पार्ट बदलणं सुरू होतं. आधी एअर फिल्टर, मग प्लग, मग इंजेक्टर क्लीनिंग, मग कुणीतरी सुचवलेलं महागडं ऑइल. पैसे जातात आणि दहाचं साडेदहा होतं. घटलेल्या चार-पाच किलोमीटरमध्ये रस्त्याचा वाटा किती, पेट्रोलचा किती आणि गाडीतल्या बिघाडाचा किती, हे कुणी वेगळं केलेलंच नसतं. ते वेगळं करता येतं, आणि त्याला लागणारं भौतिकशास्त्र बहुतेकांनी दहावीपर्यंत शिकलेलं असतं.

सुरुवात मोजणीपासून. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा हा अंदाज असतो, आणि इंधनाचा काटा तर त्याहून ढोबळ. टाकी फुल करायची, नोझल आपोआप बंद झाला की थांबायचं, वर "थोडं अजून" भरायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल करायची, आणि चाललेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागायचं. तीन टाक्यांची सरासरी काढली तरच आकड्यावर विश्वास ठेवावा; एका टाकीत नोझल लवकर-उशिरा बंद झाल्यानेसुद्धा लिटरभराचा फरक पडतो.

आता रस्त्याचा वाटा. माणसांसह हजार किलोची छोटी गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाला आणायची, तर तिला सुमारे ६२ हजार ज्यूल गतिज ऊर्जा द्यावी लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असते, पण शहरात इंजिन तिचा जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचवतं. उरलेली रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून बाहेर पडते. म्हणजे हातात राहिले सुमारे ६४ लाख ज्यूल. भागाकार केला की उत्तर येतं शंभर. शून्यापासून चाळीसपर्यंत शंभर वेळा वेग घेतला की लिटरभर पेट्रोल संपलं. दर वेळी दहा मिलिलिटर, म्हणजे दोन चमचे. सिग्नलला ब्रेक दाबला की ती सगळी ऊर्जा ब्रेक पॅड गरम करण्यात जाते, परत काही मिळत नाही.

मुलुंडहून एलबीएस मार्गाने बीकेसीला जाताना अशी साठ वेळा उठबस झाली असं धरा. सहाशे मिलिलिटर तिथेच गेले. उभ्या गाडीचं इंजिन एसी चालू असताना तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं, त्यामुळे अर्धा तास खोळंबा झाला तर आणखी पावणेचारशे मिलिलिटर. मोकळ्या रस्त्यावर २० देणारी गाडी इथे सहज दहा-अकरावर येते, आणि तिच्यात काहीही बिघडलेलं नसतं. घर किंवा ऑफिस बदललं, वाटेत मेट्रोचं नाहीतर पुलाचं काम निघालं, तर गाडीला हात लावण्याआधी हा हिशेब करावा. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा प्रमाणित आकडा तर प्रयोगशाळेत, रोलरवर, ठरलेल्या वेगाच्या आलेखानुसार काढलेला असतो. आपल्या रोजच्या प्रवासाशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. एकाच गाडीची, एकाच रस्त्यावरची, कालची आणि आजची तुलना मात्र बरंच काही सांगते.

पेट्रोलचा वाटाही बाजूला काढायला हवा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साडेसहा-सात टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातही ई१० (१० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ई२० (२० टक्के इथेनॉलचं) वर ६ ते ७ टक्के घटेल, असं म्हटलं होतं. ई२० पंपावर यायला लागलं फेब्रुवारी २०२३ मध्ये. तेव्हापासून पंधराची गाडी चौदावर आली असेल, तर तो फरक कुठल्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होणार नाही. पंधराची दहावर आली असेल, तर मात्र गाडीत शोधायला हवं.

माझ्या मते या शोधात सगळ्यात दुर्लक्षित राहतो तो थर्मोस्टॅट. लिंबाएवढा हा व्हॉल्व्ह इंजिन आणि रेडिएटरच्या मधे बसतो. आत मेणाची गोळी असते. इंजिन थंड असताना व्हॉल्व्ह बंद, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, इंजिनातच फिरत राहतं आणि पटकन तापतं. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं, आणि रेडिएटरची वाट मोकळी होते. आपल्याकडे मिस्त्री हा व्हॉल्व्ह सर्रास काढून टाकतात. "साहेब, हा थंड देशांसाठी असतो. आपल्या मुंबईत कशाला?" हे वाक्य मी एकाहून अधिक गॅरेजमध्ये ऐकलंय. त्यामागची भीती खरी आहे. व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं आणि खर्च मोठा येतो. पण मुंबईची हवा ३२ अंशांची आणि इंजिनाला हवंय नव्वद. त्या हिशेबाने मुंबईही थंडच.

व्हॉल्व्ह नसला, किंवा उघडा अडकलेला असला, की इंजिन गरम व्हायला फार वेळ लागतो. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्यातलं काही भिंतींवर थेंबांच्या रूपात चिकटतं. ती तूट भरून काढायला ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. कूलंटचा सेन्सर "अजून थंडच आहे" असं सांगत राहतो, तोवर हे जादा पेट्रोल चालू. वर इंजिन ऑइल दाट, म्हणून घर्षणही जास्त. सीएनजी किट असलेल्या गाड्यांमध्ये तर आणखी एक तोटा. अशी गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि ठरावीक तापमान आल्यावरच गॅसवर जाते. गॅससाठी पैसे मोजूनही जवळच्या फेऱ्यांमध्ये ती पेट्रोलच जाळत बसते.

हे तपासायला हत्यार लागत नाही. सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करून बॉनेट उघडा आणि रेडिएटरला वरून जोडलेल्या जाड रबरी पाइपला हात लावा. पंख्यापासून हात आणि ओढणी-टाय लांब ठेवा, रेडिएटरच्या झाकणाला अजिबात हात लावू नका. थर्मोस्टॅट ठीक असेल तर पहिली कित्येक मिनिटं पाइप गारच राहतो, आणि मग अचानक, बघता बघता, हात ठेवता येणार नाही इतका तापतो. तो व्हॉल्व्ह उघडल्याचा क्षण. पाइप पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व्ह उघडा आहे किंवा जागेवरच नाही. दुसरी खूण रस्त्यावर दिसते. पावसाळ्यातल्या रात्री ईस्टर्न फ्रीवेवर मोकळं धावताना तापमानाचा काटा खाली पडतो आणि खाली उतरून ट्रॅफिकमध्ये अडकलं की वर चढतो. काटा नसलेल्या गाड्यांमध्ये इंजिन थंड असल्याचा निळा दिवा बराच वेळ विझत नाही. नवा थर्मोस्टॅट बहुतेक छोट्या गाड्यांसाठी स्वस्तात मिळतो. कुर्ल्याला सीएसटी रोडवर घेतला तरी मूळ कंपनीचा घ्या, गॅस्केटसकट, आणि बसवल्यावर कूलंटमधली हवा काढून घ्यायला सांगा.

थर्मोस्टॅट ठीक असेल, तर पुढचा पुरावा आपल्याच गाडीच्या कप्प्यात पडलेला असतो: पीयूसीची चिठ्ठी. आपण तिच्यावरची मुदतीची तारीख बघतो आणि ठेवून देतो. पण तो इंजिनाच्या श्वासाचा तपासणी अहवाल आहे. पेट्रोल पूर्ण जळलं तर कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी आणि पेट्रोल जास्त असलं तर कार्बन मोनॉक्साइड (सीओ) उरतो. बीएस-४ या प्रदूषण नियमांतल्या पेट्रोल गाडीला निष्क्रिय वेगावर (गाडी उभी, इंजिन चालू) सीओची मर्यादा ०.३ टक्के आहे. मागच्या दोन-तीन चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघा. आकडा दर वेळी चढत असेल, तर पास होऊनही गाडी पेट्रोल वाया घालवू लागली आहे, किंवा धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थकलाय. चाचणी मात्र इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच करून घ्यावी, घराखालून निघून दोन मिनिटांत पंपावर पोचून नव्हे.

मिश्रण जाड, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, का होतं, याचं उत्तर बहुधा ऑक्सिजन सेन्सरपाशी सापडतं. तो एक्झॉस्टच्या वाटेत बसतो आणि धुरातल्या ऑक्सिजनची बाहेरच्या हवेतल्या ऑक्सिजनशी तुलना करून व्होल्टेज देतो. पेट्रोल जास्त झालं की ०.९ व्होल्टच्या आसपास, हवा जास्त झाली की ०.१. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा हे प्रमाण सांभाळण्यासाठी ईसीएम या सूचनेवर सतत पेट्रोल कमी-जास्त करत असतो. वर्षानुवर्षं काजळी बसून सेन्सर मंद झाला, की दुरुस्ती उशिरा पोचते. सेन्सर पूर्ण गेला तर ईसीएम सावधगिरीने ठरावीक, सहसा जाड मिश्रण देतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो.

सेन्सर चांगला असूनही फसू शकतो, आणि हा प्रकार मला फार महत्त्वाचा वाटतो. सेन्सरच्या आधी सायलेन्सरच्या पाइपला बारीक चीर गेली असेल, तर धुराच्या दोन ठोक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त झाला, आणि ईसीएम गरज नसताना पेट्रोल वाढवतो. २०१३ नंतरच्या गाड्यांना ओबीडी-२ चं, म्हणजे ईसीएममधली माहिती वाचायचं, सॉकेट स्टीअरिंगच्या खाली असतं. काही शे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाईलवर फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीएम ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय त्याचा, आकडा दिसतो. तो शून्याच्या आसपास, फार तर दहा टक्के इकडे-तिकडे असावा. ट्रिम सांगतंय "हवा जास्त आहे, म्हणून मी पेट्रोल वाढवतोय" आणि पीयूसीची चिठ्ठी सांगतेय "सीओ जास्त आहे". दोघांचं म्हणणं एकमेकांना छेद देत असेल, तर संशय चिरेवर किंवा खुद्द सेन्सरवर. थंड इंजिन सुरू केल्यावर बॉनेटखालून येणारा आणि गरम झाल्यावर कमी होणारा टिकटिक आवाज ही त्या चिरेची खूण.

इंजिन निर्दोष निघालं तर चाकांकडे वळायचं. मुंबईचा पावसाळा आणि खारी हवा ब्रेक कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिनांना गंज चढवते. रबरी टोपण फाटलं की ग्रीस धुऊन जातं, पिन जाम होते आणि पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतो. मागच्या चाकांना हँडब्रेकची केबल असाच त्रास देते, विशेषतः जुलैत आठवडाभर गाडी उभी राहिली तर. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक फारसे न दाबता दहा-पंधरा मिनिटं चालवा, थांबा, आणि चारही रिमांजवळ तळहात न्या, टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं, तर चोर सापडला. पिना साफ करून योग्य ग्रीस लावणं हे तासाभराचं काम आहे.

टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकी, गाडी थंड असताना. क्लच घसरत असेल तर चढावर आरपीएम वाढतो आणि वेग वाढत नाही. ती प्लेट बदलावीच लागते. प्लग काढून बघा: फिकट तपकिरी ठीक, काळी काजळी म्हणजे जाड मिश्रणाचा आणखी एक पुरावा.

एअर फिल्टरबद्दलची समजूत मात्र कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये इंजेक्शनच्या गाड्यांवर चाचण्या केल्या, तेव्हा मुद्दाम चोंदवलेल्या फिल्टरनेही ॲव्हरेजमध्ये लक्षात येण्याजोगी घट झाली नाही. पिकअप मात्र कमी झाला. ईसीएम आत येणारी हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो, म्हणून. फिल्टर वेळेवर बदला, पण हरवलेले चार किलोमीटर तिथे सापडतील ही आशा नको.

त्याच काळातली दुसरी सवय म्हणजे पुलावरून उतरताना गाडी न्यूट्रल करणं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमच्या बाद झालेल्या पद्मिनी टॅक्सीत ती उपयोगी असेल. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की आरपीएम पुरेसा असेपर्यंत इंजेक्टर पूर्ण बंद राहतात. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतः जिवंत राहण्यासाठी पेट्रोल लागतं, आणि उताराचा सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो. खाली लाल सिग्नल दिसत असेल, तर गिअरमध्येच उतरा.

दुरुस्ती झाल्यावर लगेच पहिल्या टाकीवरून निकाल देऊ नका. ईसीएमने जुन्या चुकीनुसार केलेली जुळवाजुळव त्याच्या स्मृतीत असते आणि ती बदलायला काही दिवसांचं चालवणं लागतं. दुसऱ्या टाकीपासून मोजा, पंप तोच, रस्ता तोच, आणि एका वेळी एकच पार्ट बदलला असेल तर नेमकं कशाने फरक पडला तेही कळेल.