कधीतरीच थरथरणारी ऑटोमॅटिक : दोष कुठे शोधायचा?

शहरात चार-पाच वर्षं फिरलेल्या ऑटोमॅटिक गाड्या आता यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याच्या खेड्यापाड्यांत पोचल्या आहेत. रंग चकाचक, किलोमीटर कमी, भाव आवाक्यातला. घरी आणल्यावर काही दिवसांत तक्रार सुरू होते की गाडी मध्येच थरथरते. मिस्त्रीकडे नेली की मात्र गरीब गाईसारखी चालते. मग कोणीतरी म्हणतं, गिअरबॉक्स खोलावा लागेल. त्याला तूर्त नाही म्हणा. खर्चाची ती शेवटची पायरी आहे आणि तिच्याआधी तपासण्यासारखं बरंच काही आहे.

'कधीतरी' येणारा बिघाड लहरी नसतो. ठरावीक वेग, ठरावीक आरपीएम, तेलाचं ठरावीक तापमान आणि पायाचा ठरावीक दाब जुळून आले की तो येतो. म्हणून आधी एक वही गाडीत ठेवा. थरथर आली की शेजारी बसलेल्यानं लिहायचं : वेग किती, आरपीएम किती, पाय ॲक्सिलरेटरवर होता की ब्रेकवर, चढ होता का, एसी चालू होता का, गाडी सुरू करून किती वेळ झाला, पाऊस होता का. आठ-दहा नोंदी झाल्या की अर्धं निदान कागदावरच दिसतं. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर डिस्क बघा, गिअरबॉक्सचा तिथे संबंध नाही. उभ्या गाडीत, 'डी' किंवा 'आर' टाकल्यावर येत असेल आणि 'एन'मध्ये जात असेल तर इंजिन ज्यावर टेकतं त्या फाउंडेशनचं रबर दबून खराब झालंय का ते आधी बघा.

आपल्या गाडीत कोणत्या प्रकारची ऑटोमॅटिक आहे हे माहीत हवं. एएमटी म्हणजे साधा हाताचाच गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं. डीसीटीत दोन क्लच. सीव्हीटीत पट्टा किंवा साखळी आणि दोन पुली. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत समोरासमोर दोन पंखे आणि मध्ये तेल : इंजिनकडचा पंखा तेल फेकतो आणि त्या माऱ्यानं गिअरबॉक्सकडचा फिरतो. या चौथ्या प्रकारातली थरथर सगळ्यात जास्त फसवते, म्हणून तिथे जरा थांबू.

तेलातून ताकद जाताना थोडी वाया जाते. एकसारख्या वेगानं जाताना ही नासाडी टाळायला कन्व्हर्टरमध्ये लॉक-अप क्लच असतो. तो बसला की दोन्ही बाजू एकत्र बांधल्या जातात. त्याचं अस्तर कागदासारख्या पदार्थाचं असतं आणि ते तेलात बुडूनच काम करतं. बऱ्याच गाड्यांत हा क्लच पूर्ण न बसवता मुद्दाम थोडा घसरता ठेवतात, म्हणजे इंजिनचे धक्के आत येत नाहीत. ही घसरण गुळगुळीत राहायची तर एक अट पाळली गेली पाहिजे : घसरण्याचा वेग वाढला की घर्षणही किंचित वाढलं पाहिजे. तेलातली घर्षण सांभाळणारी रसायनं हेच काम करतात. उष्णतेनं ती झिजली की गणित उलटं होतं. थांबलेल्या अवस्थेत पकड जास्त, घसरू लागलं की पकड कमी. क्लच चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, एका सेकंदात कित्येकदा. प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून ओढताना जशी कुरकुरत थरथरते, तसंच. आत बसलेल्याला वाटतं, गाडी टोलनाक्याआधीच्या बारीक पट्ट्यांवरून चाललीय.

ही थरथर सहसा ताशी ४० ते ८०च्या दरम्यान, वरच्या गिअरला, हलका पाय असताना आणि तेल तापल्यावर येते. सकाळी गाडी थंड असताना येत नाही, कारण तेल गरम होईपर्यंत गाडीतला संगणक लॉक-अप लागूच देत नाही. मिस्त्रीला ती दिसत नाही याचं कारणही हेच : तो गॅरेजभोवती पाच मिनिटं फिरवतो.

तपासणी सोपी आहे. रिकामा, सरळ, सपाट रस्ता घ्या आणि मागे कोणी नाही याची खात्री करा. ६०-७०च्या वेगानं थरथर सुरू झाली की उजवा पाय आहे तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागचा लाल दिवा लागेल एवढाच. ब्रेकचा इशारा मिळताच संगणक लॉक-अप सोडतो. आरपीएमचा काटा थोडा वर जाईल. त्याच क्षणी थरथर बंद झाली आणि पाय काढल्यावर काही सेकंदांनी परत आली, तर संशय लॉक-अपवर. डाव्या पायाला ब्रेकची सवय नसते, तो जोरात पडतो. थांबलेल्या गाडीत आधी सराव करून घ्या. काही नव्या गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबल्यास इंजिनची ताकदच कापतात, म्हणून स्पर्श क्षणभराचाच हवा.

पण एवढ्यावर निकाल देऊ नये. इंजिन हलकं मिसिंग मारत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तरी लॉक-अप सुटल्यावर ते कमी जाणवतं, कारण मधलं तेल धक्के पिऊन टाकतं. दोघांत फरक करायचा तर चढ गाठा. मोताळ्याकडून बुलढाण्याला चढणारा राजूर घाट किंवा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट यासाठी उत्तम. मिसिंग असेल तर चढावर, कमी आरपीएमला पाय दाबताच गचके वाढतात. दोष लॉक-अपचा असेल तर जोरात पाय दाबला की गिअर खाली येतो, क्लच सुटतो आणि थरथर जाते.

मिसिंगची तपासणी तर घरासमोरही होते. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून दोषाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी ०३०२ असा कोड आला तर दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग आहे. दुसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) तिसऱ्यावर लावा, तिसऱ्याची दुसऱ्यावर, आणि गाडी चालवा. कोड पी ०३०३ झाला तर कॉइल गेली. तिथेच राहिला तर प्लग बघा, मग इंजेक्टर. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर बारीक काळी रेघ दिसली तर तिथून ठिणगी पळतेय. पावसाळी हवेतच मिसिंग मारणारी गाडी बहुधा इथेच सापडते. घरात कापूस किंवा तुरीची पोती आणि शेजारी गाडी, असा प्रकार असेल तर उंदरांना विसरू नका. अर्धवट कुरतडलेली वायर खड्ड्यात तुटते आणि पुढे जुळते. इंजिन चालू ठेवून वायरिंग जागोजागी हलवून बघा, पण पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवा. इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करत असेल तर गाडी पळवू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

खिशातला फोनही इथे कामाला येतो. फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं बनवलेलं फुकट ॲप फोनच्या सेन्सरवरून सेकंदाला किती थरथरी होतात ते दाखवतं. फोन हातात न धरता दुहेरी टेपनं गाडीला घट्ट चिकटवा आणि बघायचं काम शेजारच्यावर सोपवा. हिशेब असा : १९५/५५ आर १६ टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर. ताशी ८०ला चाक सेकंदाला साधारण ११ फेरे घेतं. आलेख ११च्या आसपास उंचावला तर दोष चाकात. चार सिलिंडरचं इंजिन २,००० आरपीएमवर असेल आणि एकच सिलिंडर चुकत असेल तर धक्के सेकंदाला १६-१७. एक्सलच्या आतल्या जॉइंटमध्ये तीन रोलर असतात, ते झिजले की चाकाच्या एका फेऱ्याला तीन हिसके, म्हणजे ३४. पण २,००० आरपीएमला इंजिनही सेकंदाला ३३ फेरे घेतं! म्हणून वेग तोच ठेवून हातानं एक गिअर खाली या. आकडा तसाच राहिला तर चाक किंवा एक्सल. आरपीएमबरोबर वर गेला तर इंजिन. लॉक-अपची थरथर मात्र दोघांचंही ऐकत नाही, ती आपल्याच चालीनं येते.

चाकाच्या बाबतीत आपल्याकडे एक खास गुन्हेगार आहे : काळी माती. पांदणीतून गाडी आली की रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो आणि वाळून विटेसारखा होतो. बाहेरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते, आत गोळा तसाच. मध्यापासून २० सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचा गोळा असेल तर ताशी १००ला तो चाकाला सुमारे १६ किलो वजनाइतक्या जोरानं ओढतो, सेकंदाला १४ वेळा. एका चाकावरचा गोळा गळून पडला की थरथर बदलते, म्हणून ती 'कधीतरी' वाटते. बॅलन्सिंगचे पैसे देण्याआधी चाक काढून आतून खरवडा. चाक निघालंच आहे तर एक्सलच्या जॉइंटवरचं रबरी आवरण (बूट) फाटलंय का तेही बघा, फाटलं असेल तर ग्रीस जाऊन तीच माती आत गेलेली असते.

संशय लॉक-अपवरच आला तर पहिली पायरी तेल. काही कंपन्या म्हणतात, हे तेल आयुष्यभर बदलायला नको. विदर्भात ते मानू नये. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो.

पातळी तपासतानाच निम्मे घोटाळे होतात. बऱ्याच नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक नसते. इंजिन चालू, गाडी सपाटीवर, तेल ठरावीक तापमानाला, बहुतेकदा ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान, आणि मग खालचा पातळीचा बोल्ट उघडून तेल बारीक धारेनं गळू द्यायचं, अशी रीत असते. अकोल्यात मेच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचं तेल सुरू करण्याआधीच या मर्यादेच्या वर असतं. गरम तेल फुगतं, जास्त बाहेर येतं, मिस्त्री बोल्ट लावतो आणि गिअरबॉक्स कमी तेलावर राहतो. मग पंप हवा ओढतो, फेस होतो आणि दाब पडतो. तेल बदलल्यावर थरथर वाढली अशा तक्रारीत आधी हेच बघावं. उन्हाळ्यात हे काम भल्या पहाटे, रात्रभर सावलीत उभ्या गाडीवर, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघत करायचं.

खालचा बोल्ट काढला तरी सगळं तेल येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं. एका वेळी एकतृतीयांश ते निम्मं निघतं. म्हणून काढा, तेवढंच मोजून भरा, थोडी चालवा, पुन्हा काढा, असं दोन-तीनदा. पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचंच तेल हवं. सीव्हीटीत साधं ऑटोमॅटिकचं तेल घातलं तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे उठतात. गिअरबॉक्सच्या खालच्या तेलाच्या तव्यातल्या चुंबकावर करडा मऊ लेप असणं नेहमीचं. नखाला टोचणारे कण दिसले, तेल काळं आणि जळकट वासाचं निघालं, तर अस्तर किंवा आतला एखादा भाग झिजून गेलेला आहे. नव्या तेलानं काही दिवस बरं वाटेल, मग थरथर परत येईल आणि कन्व्हर्टर बदलावाच लागेल. बाजारातल्या थरथर घालवणाऱ्या बाटल्यांच्या नादी लागू नये. त्या तक्रार लपवतात, आणि विकणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

एएमटी आणि कोरड्या क्लचची डीसीटी यांची थरथर वेगळी, ती गाडी सुटताना पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरला येते. शहरात ब्रेकवर रांगत राहून क्लच तापतो, प्लेट चकचकीत होते. मीटरवरचे किलोमीटर इथे दिशाभूल करतात. ४०,००० किलोमीटर ताशी सरासरी २०नं कापले तर २,००० तास होतात; हायवेवर ५०नं कापले तर ८००च. आधी स्कॅनरनं क्लचच्या पकडीचं ठिकाण नव्यानं शिकवून बघा, मग प्लेट. गिअर बदलताना एएमटी गाडी मान हलवल्यासारखी क्षणभर पुढे-मागे डुलते, तो मात्र दोष नव्हे.

गाडी घेण्याआधीच हे सगळं टाळायचं तर सकाळी न सांगता जा आणि बॉनेटला हात लावा. गरम असेल तर ती तुमच्यासाठी आधीच चालवून ठेवलेली आहे. चाळीसएक मिनिटं तरी चालवा, गिअरबॉक्सचं तेल इंजिनच्या पाण्यापेक्षा उशिरा तापतं. ब्लूटूथच्या स्वस्त स्कॅनरवर कोड नाही म्हणून खूश होऊ नका. तो बहुधा गिअरबॉक्सचे कोड वाचतच नाही. पण त्यावर 'रेडिनेस मॉनिटर', म्हणजे गाडीच्या संगणकानं स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्या का ते सांगणाऱ्या खुणा, दिसतात. ते अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. अशा वेळी गावातली आणि हायवेची अशी मिळून लांब दौड करून पुन्हा स्कॅन करू द्या म्हणावं. विकणारा तयार नसेल तर दुसरी गाडी बघावी.