पार्श्वभूमी : लिलावातल्या घड्याळाची वंशावळ

जिनिव्हात कुठल्याशा मनगटी घड्याळाला कोट्यवधींची बोली लागली अशी बातमी आली की इंदुरातल्या मराठी घरांत जुनी कपाटं उघडली जातात. आजोबा होळकर सरकारात नोकरीला होते, त्यांचं स्विस घड्याळ आहे, चावी दिली की अजून चालतं. याचे किती येतील? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र घड्याळ चालतं की नाही यावर फारसं अवलंबून नसतं. ते कुणाचं होतं, कधी विकलं गेलं आणि मधल्या काळात त्याला कुणी हात लावला, याची साखळी सलग जुळते का, यावर किंमत ठरते.

मनगटी घड्याळ ही तशी अलीकडची वस्तू. एकोणिसाव्या शतकात पुरुषांचं घड्याळ साखळीला अडकवून खिशात असायचं आणि मनगटावरचं घड्याळ बायकांचा दागिना समजला जाई. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिसे चाचपायला सवड नव्हती. तेव्हा पुरुषांच्या मनगटावर आलेला पट्टा पुढे उतरलाच नाही. हिंदुस्थान स्विस व्यापाऱ्यांना आधीपासूनच ठाऊक होता. फाव्र-ल्यूबाचा इथला व्यापार 1865 पासूनचा, आणि वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळं फौजेत आणि सरकारी नोकरांत घरोघर पोचली होती. जेजर-लकुल्त्रच्या प्रसिद्ध ‘रिव्हर्सो’ची जन्मकथाही कंपनी इथल्याच पोलोच्या मैदानाशी जोडते. खेळताना काच फुटते, ही ब्रिटिश अधिकाऱ्यांची तक्रार होती. त्यावर काच आत आणि पोलादी पाठ बाहेर अशी उलटणारी डबी निघाली. तिच्या पेटंटचा अर्ज 4 मार्च 1931 रोजी पॅरिसमध्ये दाखल झाला.

याच वर्षांत इंदुरात माणिकबाग उभी राहत होती. यशवंतराव होळकर (दुसरे) 1930 मध्ये पूर्ण अधिकारावर आले. एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी हा राजवाडा बांधून घेतला आणि युरोपातल्या त्या काळच्या अगदी नव्या घडणीच्या सामानाने सजवला. रूलमन आणि आयलीन ग्रे या त्या काळच्या नामांकित फर्निचर-आरेखकांचं अनुक्रमे मेज आणि खुर्ची, आणि खुद्द मुथेसियसने आखलेल्या, दिवे अंगातच बसवलेल्या लाल आरामखुर्च्या त्यात होत्या. पुढे संस्थान विलीन झालं, 1961 मध्ये महाराज गेले, आणि मे 1980 मध्ये सदबीज या लिलाव पेढीने मोंटे कार्लोत या सामानाचा लिलाव केला. जगभरचे संग्राहक त्या खुर्च्यांच्या मागे लागले, कारण माणिकबागेच्या खोल्यांची छायाचित्रं शिल्लक होती. कुठली खुर्ची कुठे मांडली होती, ते दाखवता येत होतं. राजवाड्याच्या इमारतीत नंतर केंद्रीय उत्पादन शुल्काची कचेरी थाटली. सामान परदेशी गेलं याची खंत अनेक इंदूरकरांना आहे, मलाही आहे. पण ते सामान निनावी झालं नाही, हेही खरं.

घड्याळांचा लिलाव त्याच सुमारास बाळसं धरत होता. त्याला निमित्त झालं ते एका संकटाचं. 25 डिसेंबर 1969 रोजी जपानच्या सेइकोने ‘ॲस्ट्रॉन’ हे बॅटरीवर चालणारं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्विस कारखाने धडाधड बंद पडले आणि हजारो कारागिरांच्या नोकऱ्या गेल्या. वेळ बघायला चावीच्या घड्याळाची गरज उरली नाही, तेव्हाच ते जमवण्याची वस्तू झालं. 1974 मध्ये जिनिव्हात घड्याळांच्याच लिलावाला वाहिलेली पेढी सुरू झाली, तीच पुढची ‘अँटिकोरम’. एप्रिल 1989 मध्ये तिने केवळ पाटेक फिलिप या स्विस कंपनीच्या घड्याळांचा लिलाव भरवला. एकाच कंपनीचा माल, जाड सचित्र सूची, प्रत्येक घड्याळाची हकिकत! आजचा बाजार खऱ्या अर्थाने तिथून सुरू झाला, असं मला वाटतं.

सराफ्यात वाढलेल्या माणसाला या बाजारातली एक गोष्ट पचवायला जड जाते. पाटेकचं ‘1518’ या क्रमांकाचं, कालदर्शक आणि स्टॉपवॉच एकत्र असलेलं घड्याळ बहुतेक सोन्यात घडवलं गेलं. पोलादी फक्त चार ठाऊक आहेत. 2016 मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलाव पेढीकडे त्यातलं एक 1 कोटी 10 लाख फ्रँकला गेलं. सोन्यातली बहुतेक 1518 याहून पुष्कळ कमी किमतीला जातात. इथे धातूचं वजन होत नाही, दुर्मीळपणाचं होतं. आणि आपल्याकडे किती सोन्याच्या डब्या आतलं यंत्र काढून मुशीत गेल्या असतील, या विचाराने जीव हळहळतो.

मालकाच्या नावाने काय होतं, ते बाओ दाई यांच्या रोलेक्समध्ये दिसतं. व्हिएतनामच्या या शेवटच्या सम्राटाने 1954 मध्ये जिनिव्हात काळ्या तबकडीचं, हिऱ्यांच्या खुणांचं घड्याळ घेतलं. 2002 मध्ये लिलावात त्याला सुमारे 2 लाख 35 हजार डॉलर मिळाले आणि 2017 मध्ये 50 लाखांहून जास्त. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अभिनेता पॉल न्यूमन यांची स्वतःची डेटोना, म्हणजे रोलेक्सचंच एक स्टॉपवॉचवालं घड्याळ, न्यूयॉर्कमध्ये 1 कोटी 77 लाख डॉलरला गेली. तिच्या पाठीवर पत्नीने ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाची अक्षरं कोरून घेतली होती. डेटोना हजारो निघाल्या, ही पाठ एकीलाच होती.

एवढा पैसा आला की लबाडीही येते. 2021 मध्ये फिलिप्सने ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर 31 लाखांहून अधिक फ्रँकला विकलं. दोन वर्षांनी ओमेगानेच जाहीर केलं, की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलं होतं आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. इतक्या मोठ्या व्यवहारात हे घडू शकतं, म्हणून जाणकार आता कागदाबरोबर प्रत्येक स्क्रूही तपासतात.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. आयात परवाने आणि जबर जकातीच्या काळात सुटे भाग मिळत नसत, तेव्हा घड्याळजींनी जे हाताशी होतं त्यातून घड्याळं चालती ठेवली. यात त्यांचं कौशल्य होतं, दोष नव्हता. पण तबकडी पिवळी पडली की ती नव्याने रंगवायची आणि डबी घासून चकचकीत करायची, ही सवय तिथेच लागली. अशा भडक रंगवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखतात आणि बाजूला ठेवतात.

भिंगाखाली हे लगेच कळतं. मूळ तबकडीवरची अक्षरं बारीक आणि धारदार असतात. नव्याने छापलेली जाड, किंचित पसरलेली दिसतात, मिनिटांच्या रेघा अंकांशी जुळत नाहीत आणि सहाच्या अंकाखालचं ‘स्विस मेड’ अनेकदा गायब असतं. पट्टा जिथे अडकतो, ते डबीचे चार पाय मूळचे कंगोरेदार असतात. पॉलिशने ते गोलसर आणि बारीक होतात. उलट उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली तबकडी कुणी हात न लावता तशीच ठेवली, तर तिला नव्यापेक्षा जास्त बोली लागते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे : तेलपाणी जरूर करून घ्या, पण पॉलिश आणि तबकडीला स्पष्ट नाही म्हणा.

जमिनीला खसऱ्याची नक्कल, तसा जुन्या घड्याळाला कंपनीच्या दफ्तरातला उतारा. पाटेक तो देते, त्यात घडवल्याची आणि विकल्याची तारीख असते. लाँजीनच्या जुन्या वह्यांतून तर घड्याळ कुठल्या देशातल्या पेढीकडे रवाना झालं, तेही कळतं. त्यासाठी यंत्रावरचा आणि डबीवरचा क्रमांक लागतो, तो घड्याळजीकडून पाठ उघडून टिपून घ्यावा. रोलेक्स असा उतारा देत नाही. तिथे मूळ पावती, पेटी आणि आजोबांच्या मनगटावर ते दिसणारा फोटो हाच आधार.

विकायचंच ठरलं, तर दोन गोष्टी आधी माहीत हव्यात. हातोडा पडतो त्या किमतीवर खरेदीदाराला साधारण पाव हिस्सा वर भरावा लागतो, आणि विकणाऱ्याच्या रकमेतून पेढी आपलं कमिशन कापते. आणि 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेली, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. 1920 च्या दशकातली संस्थानी नावं कोरलेली घड्याळं आता त्या रेषेवर आली आहेत. अशा घड्याळासाठी परदेशी पेढीशी बोलण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करावी लागेल.