चेलो सोनाटा क्र. १ (मार्टिनू)

चेक संगीतरचनाकार बोहुस्लाव मार्टिनू (१८९०–१९५९) यांची चेलो (व्हायोलिनच्या कुळातले मोठे, खर्जाचे वाद्य) आणि पियानोसाठीची तीन भागांची रचना. ती त्यांनी मे १९३९ मध्ये पॅरिसला लिहिली आणि फ्रेंच चेलोवादक पिएर फुर्निए यांना अर्पण केली. वादनाला साधारण सतरा-अठरा मिनिटे लागतात.

मार्टिनूंचा जन्म पोलिच्का गावातल्या चर्चच्या मनोऱ्यातला. वडील जोडे शिवत आणि गावात कुठे आग लागते का, यावर त्याच मनोऱ्यातून पहारा ठेवत. पुढे मार्टिनू प्रागच्या चेक फिलहार्मनिक वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले आणि १९२३ मध्ये फ्रेंच संगीतरचनाकार आल्बेर रूसेल यांच्याकडे शिकायला पॅरिसला गेले, ते तिथलेच झाले. १५ मार्च १९३९ रोजी हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या. त्यानंतर दोनच महिन्यांनी ही सोनाटा लिहिली गेली.

तरीही तिला विलापिका समजणे चूक ठरेल. दुःख आहे, पण ते मधल्या ‘लेंतो’ (संथ) भागात. तिथे पियानोचे सूर गडद आहेत आणि चेलो लांब, जड श्वासाने गातो. दोन्ही बाजूंचे भाग झुंजार आहेत. पहिल्या ‘पोको आलेग्रो’त (काहीशा जलद भागात) आघात मात्रेच्या आधी-नंतर पडत राहतात, त्यामुळे लय सतत पुढे ओढली जाते. शेवटचा ‘आलेग्रो कॉन ब्रिओ’ (जलद, जोशपूर्ण) तर जवळजवळ श्वासच घेऊ देत नाही. मार्टिनू लांबलचक धून मांडून ती सजवत बसत नाहीत. चार-पाच सुरांची एखादी छोटी आकृती घेतात आणि तीच वळवत, वाढवत नेतात. या सोनाटेची घट्ट वीण त्यातूनच आली आहे.

अशा जोडीतली खरी अडचण आवाजाची असते. चेलोचा सर्वांत समृद्ध आवाज मध्य आणि मंद्र सप्तकात, आणि तिथेच पियानो त्याला सहज झाकून टाकतो. तरीही मार्टिनूंनी पियानोला नुसत्या साथीला बसवलेले नाही. इथे चालते ती बरोबरीच्यांची जुगलबंदी, म्हणून पियानोवादक कच्चा असेल तर चेलोवादकाची सगळी मेहनत वाया जाते.

पहिला प्रयोग १९ मे १९४० रोजी पॅरिसमध्ये झाला. चेलोवर फुर्निए होते आणि पियानोवर मायदेश सोडून आलेले चेक वादक रुडॉल्फ फिर्कुश्नी. जर्मन सैन्याने ९ दिवसांपूर्वीच पश्चिमेकडे मुसंडी मारली होती. त्या काही मिनिटांपुरते सगळ्यांना बाहेरच्या वास्तवाचा विसर पडला, अशी आठवण मार्टिनूंनी पुढे सांगितली आहे. जूनमध्ये पॅरिस पडले. मार्टिनू पत्नी शार्लोटसह आधीच निसटले होते. बरीच हस्तलिखिते मागेच राहिली. १९४१ च्या वसंतात ते न्यूयॉर्कला पोहोचले.

त्याच वर्षी अमेरिकेत त्यांनी दुसरी चेलो सोनाटा लिहिली. तिसरी १९५२ ची. ती वाद्यवृंदसंचालक व चेलोवादक हान्स किंडलर यांच्या स्मृतीस अर्पण केलेली आहे आणि तिघींत सर्वांत प्रसन्न आहे. मार्टिनूंची शैली समजून घ्यायला तिन्ही ओळीने ऐकाव्यात. तणाव आणि धग मात्र पहिलीतच सर्वांत जास्त आहे.