डबल एक्सेल कुर्ता आणि पोटाला बेतलेला कुर्ता

गरोदरपणाच्या चौथ्या-पाचव्या महिन्यात नेहमीचे कुर्ते पोटावर ताणायला लागतात आणि घरातून एकच सल्ला मिळतो, ‘दोन मापं मोठा घे, झालं काम.’ मुंबईत हिंदमाताच्या कपड्यांच्या दुकानांतही बहुधा तेच ऐकू येतं. हँगरवर डबल एक्सेल कुर्ता आणि गरोदरपणासाठी बेतलेला कुर्ता शेजारी टांगले, तर दोन्ही सैल, दोन्ही घेरदार. अंगात घालून आरशासमोर उभं राहिलं तरी चटकन फरक कळत नाही. तो कळतो लोकलमध्ये कडी धरायला हात वर केला की.

मोठं माप म्हणजे सगळीकडूनच मोठं. बऱ्याच दुकानांत एम म्हणजे छाती 38 इंच आणि डबल एक्सेल म्हणजे 44. छाती वाढली की खांदाही दीडेक इंच वाढतो, गळा पसरतो, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खाली उतरतो. पोटुशी बाईचे खांदे मात्र होते तेवढेच असतात. मुंढा खोल असला की वर जाणाऱ्या हाताबरोबर बाही आणि बाहीबरोबर अख्खा कुर्ता वर ओढला जातो. तोच मुंढा बगलेशी बेताचा असेल तर हात वर जातो, कुर्ता जागेवर राहतो. गर्दीत एका हाताने कडी धरायची आणि दुसऱ्याने घसरणारा गळा सावरायचा, ही कसरत निव्वळ चुकीच्या मुंढ्यामुळे होते.

म्हणून घरी शिवताना खांदा, मुंढा आणि बाही नेहमीच्या अंगाला बसणाऱ्या कुर्त्यावरूनच घ्यावी. दंड जाड झाले असतील तर बाहीला अर्धा-एक इंच जास्त, बस्स. छातीला पुढच्या महिन्यांसाठी दोनेक इंच सैल सोडायचं आणि बाकी सगळी ढील छातीखाली, फक्त पुढच्या भागात द्यायची. पाठ जवळजवळ सरळच राहते. माझ्या मते सगळं शिवणकाम या एका गोष्टीवर तरतं.

योक म्हणजे कुर्त्याचा छातीवरचा वेगळा कापलेला भाग; त्याची खालची शिवण कुठे येणार याचा नीट विचार करावा. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत येतं आणि छत्तिसाव्याच्या आसपास छातीच्या हाडाजवळ पोचतं. कंबरेवर शिवण घेतली तर ती दोनेक महिन्यांत पोटाच्या ऐन मध्यावर येऊन रुतते. छातीच्या उभाराखाली दीड-दोन इंचांवर घेतली तर शेवटपर्यंत चालते. पण तिथेही घट्ट नको. गरोदरपणात बरगड्या पसरतात, छातीचा घेर 5 ते 7 सेंटिमीटरने वाढतो. दुपारी खुर्चीत बसलं की ‘इथे काचतंय’ म्हणतात ती हीच जागा. तेव्हा योकच्या तळाला अंगाच्या मापापेक्षा किमान 4 इंच ढील ठेवा.

पुढचा खालचा भाग योकच्या दीडपट रुंद कापावा. योकचा तळ 19 इंच असेल तर खालचं कापड 28-29. वरच्या कडेला मोठ्या टाक्याच्या दोन टिपा पाव इंच अंतराने मारायच्या, मग दोन्हींचा बॉबीनकडचा दोरा हळूहळू ओढत चुण्या करायच्या. एकाच टिपेवर भागवलं तर चुण्या एका बाजूला गोळा होतात. दोन्ही कडांची तीन-तीन इंचं सपाट सोडून चुण्या मधोमध आणायच्या. बगलेखाली त्या आल्या तर बाई उगीच रुंद दिसते.

आता उंची. डबल एक्सेल इथे सपशेल हरतो. पोट कापडाला पुढे उचलतं, त्यामुळे पुढून कुर्ता गुडघ्याच्या वर आणि मागून पोटरीकडे. मानेजवळच्या खांद्यापासून टेप छाती-पोटावरून गुडघ्यापर्यंत सोडा, मग तशीच पाठीवरून. दोन मापांतला फरक पुढच्या उंचीत मिळवायचा. घेर कापताना मध्यभागी तेवढं कापड खाली सोडून बाजूच्या शिवणीपर्यंत गोलाई शून्यावर आणायची, म्हणजे शिवणी जुळतात. पोट अजून वाढायचं असेल तर उशी बांधून मोजा; हसतील घरचे, हसू द्या. बाजूचे कटही खाली आणावेत. नेहमीच्या उंचीवर ठेवले तर पोट पुढचं कापड ओढतं आणि कट फाकतो. खालून सहा-सात इंच पुरे.

कापड कॅम्ब्रिक किंवा मलमल. रेयॉन अंगावर छान पडतं, ऑक्टोबरच्या उकाड्यात बरंही वाटतं, पण ओलं झालं की कमजोर होतं आणि आटतं. मंगलदास मार्केटमधून काहीही आणलं तरी कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. 44 इंच पन्ह्यात अडीच मीटर पुरतं. ग्रहणात कात्री धरायची की नाही, हे घरातल्या सासूबाईंवर सोपवते.

सलवारीतही हाच गोंधळ. नाडी सैल बांधली की काम भागलं असं वाटतं, पण सैल नाडी घसरते आणि घट्ट नाडी काचते. पुढचा नेफा मध्यभागी अडीच-तीन इंच खाली उतरवा, म्हणजे तो पोटाखाली बसेल. नाहीतर जुन्या टीशर्टचा खालचा आठ-नऊ इंचांचा पट्टा कापून नेफ्याच्या जागी जोडा. ताण आडवा येईल असा लावायचा आणि सरळ टीप मारताना ते टीशर्टचं कापड किंचित ताणून धरायचं, नाहीतर पहिल्यांदा खाली बसताच दोरा तुटतो.

गाऊन मात्र हवा तेवढा ढगळ घ्या. घरात झोपायला माप कोण बघतं!

आणि डबल एक्सेल आधीच घेऊन झाला असेल तर बाही उसवून काढा. नेहमीचा कुर्ता त्यावर ठेवून खांदा आणि मुंढा आखा, बगलेपासून छातीपर्यंत बाजू आत घ्या, खालचा घेर तसाच सोडा. बाहीचा गोलही नव्या मुंढ्याला बसेल एवढा कमी करूनच परत जोडा. पुढची उंची आता वाढवता येणार नाही, तेव्हा मागचाच घेर दोन इंच वर दुमडून हातशिलाई घाला.